लिदाच्या डोक्यातली चाई

आमच्या गावात केस कापायला राइसाच्या खुर्चीत कधी बसलाच नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. ऑर्थोडॉक्स असो की कॅथलिक, केस सगळ्यांचेच वाढतात, असं ती म्हणायची. दोन्ही देवळांच्या बायका तिच्या पुढच्या खोलीतल्या बाकावर मांडीला मांडी लावून बसायच्या आणि एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या. बत्तीस वर्षं तिचा हा उद्योग चालला होता. नवऱ्यामुलींचे केस तीच बांधायची, आणि त्यांच्या आज्या गेल्या की शवपेटीचं झाकण लागायच्या आधी त्यांचा भांग काढायलाही तिलाच बोलवायचे. "मेलेलं माणूस मान हलवत नाही, एवढं एक बरं असतं," असं म्हणायची, आणि तिथून घरी आली की दोन दिवस कुणाशी बोलायची नाही.

तिनं लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही, कारण राइसाच्या हातात कात्री असायची आणि जिभेला हाड नसायचं. तोंड खोटं बोलतं, डोकं बोलत नाही, यावर तिचा भारी विश्वास होता. बाई पोटुशी आहे हे नवऱ्याच्या आधी राइसाला कळायचं. कोण चोरून पितो, कोण जेवत नाही, कोणाला घरात मार बसतो, हे सगळं तिला केसांत दिसायचं. एकदा औषधाच्या दुकानवाल्याची मुलगी स्वतःचे केस उपटत होती. घरचे म्हणत होते पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, आणि तिला बीट खायला घालत होते. राइसानं एका नजरेत ओळखलं. तेव्हापासून तर बाई घोड्यावरच बसली. कुणी शंका काढली की ठरलेलं उत्तर यायचं, "माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत."

तिची धाकटी बहीण ल्युदा तिच्याहून बारा वर्षांनी लहान. ल्युदाचा नवरा निघून गेला, आणि मग आमच्याकडच्या अर्ध्या बायका करतात तेच ल्युदानं केलं, ब्रसेल्सला कामाला गेली. एका म्हाताऱ्या मादामच्या घरात राहून तिचं सगळं करायचं, असं काम होतं. सहा वर्षांची मुलगी लिदा "एक वर्षभरच सांभाळ गं" म्हणून राइसाकडे ठेवली. वर्षाची दोन वर्षं झाली.

जिनं आयुष्यात घरात मांजर टिकू दिलं नाही, ती राइसा या पोरीपुढे मऊ पडली. बटाट्याची बाबका, म्हणजे किसलेल्या बटाट्यांची जाड वडी, भाजली की कडेचा कुरकुरीत भाग लिदाचा. तिच्यासाठी सायकल आली, परसात झोपाळा आला. आणि पोरीचे केस! मधाच्या रंगाचे, दाट, हातात मावायचे नाहीत. रोज सकाळी शाळेच्या आधी राइसा तिच्या दोन वेण्या घालायची. ती दहा मिनिटं म्हणजेच राइसाचा दिवस होता, बाकीचा सगळा धंदा. हे तिनं कुणाला सांगितलं नसतं. पण आम्हाला दिसत होतं.

अशीच एका सकाळी वेणी घालताना, लिदा आठ वर्षांची असताना, तिच्या कानामागे राइसाच्या अंगठ्याला गुळगुळीत लागलं. केस बाजूला करून पाहिलं तर जर्दाळूच्या बीएवढा चट्टा. आत केसाचं नाव नाही. कडेला मात्र बारीक बारीक तुटके खुंट.

"का उपटलेस?" राइसानं विचारलं.

"मी नाही उपटले."

"मग काय उंदरानं खाल्ले?"

लिदाला हसू आलं. तिला वाटलं मावशी गंमत करते आहे. राइसाला ते हसणं चोरट्याचं वाटलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

महिन्याभरात तीन चट्टे झाले. राइसानं आधी गोडीगुलाबीनं विचारलं, मग दरडावून, मग झोपताना आणि टीव्ही बघताना पोरीच्या हातात लोकरीचे जाड हातमोजे चढवायला सुरुवात केली. मनगटाशी फीत बांधायची, म्हणजे काढता येऊ नयेत. बाकावरच्या एका म्हातारीनं सुचवलं, की पलीकडच्या गावात मंत्र पुटपुटून डोक्यावर जवसाचे धागे जाळणारी बाई आहे, तिच्याकडे ने. राइसा कडाडली, "धागे जाळून हट्ट जळतो का, आजीबाई? पोरगी उपटते आहे. मी डोळ्यांनी खुंट बघितलेत."

"आणि उपटताना बघितलंस?"

"चोर चोरी करताना दिसतो का कधी?"

म्हातारी गप्प झाली. बिचारीचे केस अजून अर्धेच कापून झाले होते.

राइसानं ल्युदाला फोन केला, आणि इथं तिनं जे केलं ते सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही. ल्युदा फोनवर रडायला लागली. म्हणाली, "माझ्यामुळेच होतंय हे. मी तिला घेऊन जाते. मादामच्या माडीवर एक खोली आहे, ती देईल मला. जूनमध्ये शाळा सुटली की नेते."

राइसानं हातातली कात्री खाली ठेवली. ती म्हणाली, "आत्ता नेलंस तर पोरगी काय शिकेल? की केस उपटले की आई येते. उद्या दुसरं काही करून घेईल. आधी तिला उपटणं थांबवू दे. डोकं भरलं की ने."

हे शहाणपणाचं बोलणं होतं. औषधवाल्याच्या मुलीच्या वेळी डॉक्टर असंच काहीतरी म्हणाले होते. पण त्या शहाणपणाच्या आत दुसरंही काही होतं, ते राइसाला ठाऊक होतं आणि ती तिकडे बघत नव्हती. जूनमध्ये ती सकाळची दहा मिनिटं जाणार होती.

ल्युदानं ते ऐकलं. तिनं स्वतःच लिदाला सांगितलं, "केस उपटायचं थांबव, राणी. थांबवलंस की मी तुला न्यायला येते."

"पण आई, मी उपटत नाही."

"लिदा, मावशीनं बघितलंय."

सगळा हिवाळा असा गेला. तिन्ही चट्टे पसरत पसरत तळहाताएवढे झाले. पोरगी नाही म्हणायची आणि राइसा खोटारडी म्हणायची. शाळेत पोरांनी तिचं नाव 'उकडलेलं अंडं' पाडलं. मग देवळात जाताना आमच्या म्हाताऱ्या बायका बांधतात तसा ती रुमाल हनुवटीखाली गाठ मारून बांधायला लागली. नऊ वर्षांची पोर, आणि मागून बघावं तर कुणाची तरी आजी चालली आहे असं वाटायचं. वेण्या घालणं बंद झालं. घालायला वेण्याच उरल्या नव्हत्या.

ईस्टरच्या आधी मोठे उपास येतात, तेव्हा आमच्या ऑर्थोडॉक्स देवळात सात वर्षांपुढची सगळी मुलं पापाची कबुली द्यायला जातात. बात्युश्का, म्हणजे आमचे धर्मगुरू, आपला जरीचा पट्टा मुलाच्या डोक्यावर टाकतात, आणि त्या पट्ट्याखाली जे बोललं जातं ते तिथंच राहतं. लिदाची पाळी आली तेव्हा तिनं रुमाल काढला. राइसा मागे उभी होती. पट्ट्याखाली पोरगी बराच वेळ काहीतरी कुजबुजत होती. बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

अंगणात तिनं राइसाचा हात धरला आणि म्हणाली, "सांगितलं मी. की मी केस उपटते आणि खोटं बोलते."

राइसानं तिला जवळ घेतलं. तिला आनंदानं रडू आलं. "बघ, कसं हलकं वाटतं की नाही?"

"हो."

"आता थांबवायचं. एवढंच करायचं."

"हो. मग आई येईल."

आणि खरंच पोरगी कामाला लागली. झोपताना स्वतःच हातमोजे मागून घ्यायची. वर्गात दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. बाईंनी विचारलं तर म्हणायची, "मी थांबवते आहे." तिची भूक वाढली, ती पुन्हा झोपाळ्यावर चढायला लागली. ईस्टरला फोनवर तिनं आईला सांगितलं, "मी वीस दिवस एकही उपटला नाही." ल्युदा म्हणाली, "असंच कर, मग जूनमध्ये नक्की." लिदा फोन ठेवून अंगणात धावत तीन फेऱ्या मारून आली.

पण पुढच्याच आठवड्यात मानेजवळ चौथा चट्टा निघाला, आणि डाव्या भुवईचा शेवटचा भाग गेला. राइसानं तिला आरशापुढे उभं केलं. "हे काय?"

लिदानं आरशात बघत भुवईवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "झोपेत उपटले असतील."

"हातमोजे घालून?"

"हो. घालूनच."

शाळेच्या बाई एक दिवस खुर्चीत येऊन बसल्या. त्यांना केस कापायचेच नव्हते. म्हणाल्या, "राइसाबाई, ही पोरगी माझ्यासमोर पाच तास हातांवर बसून असते. तिला दवाखान्यात दाखवा. हे आजारपण असू शकतं."

"दाखवते की," राइसा म्हणाली. "उपटते असं डॉक्टरकडूनच लिहून आणते, म्हणजे एकदाची सगळ्यांची तोंडं बंद होतील." ती पुरावा आणायलाच निघाली होती.

मे महिन्यात दोघी बसनं ब्यावीस्तोक शहरात गेल्या. त्वचेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ओल्शेव्स्का तिशीच्या, आणि त्यांचे स्वतःचे केस रबरानं कसेबसे बांधलेले. राइसानं मनातल्या मनात तिथंच त्यांना नापास करून टाकलं.

"सुई आहे का?" लिदानं आल्या आल्या विचारलं.

"सुई नाही, कात्री नाही, चिमटासुद्धा नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या हातात मुठीएवढं एक यंत्र होतं, पुढे भिंग आणि त्याभोवती दिवे. "हे मी नुसतं डोक्यावर टेकवणार. जरा गार लागेल. आणि तुझं डोकं तिकडे पडद्यावर दिसेल. आपल्याच डोक्याच्या मागे काय आहे ते कुणी बघितलेलं नसतं, तू बघशील."

लिदानं रुमाल सोडला. भिंग कानामागच्या चट्ट्यावर टेकलं, आणि पडद्यावर कातडी उमटली, फिकी, गुळगुळीत, भलीमोठी. कडेला ते खुंट दोऱ्याएवढे जाड दिसत होते.

राइसा लगेच पुढे सरसावली. "हे बघा. हेच मी सांगते आहे. हे तुटलेले खुंट. उपटलेत हे. मी बत्तीस वर्षं केस बघते आहे."

"खुंट अगदी बरोबर टिपलेत तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "साध्या डोळ्यांना ते तुटलेलेच दिसतात. आता बुंध्याशी बघा." त्यांनी चित्र आणखी मोठं केलं. "टोक जाड आहे, आणि खाली मुळाकडे जाताना केस निमुळता होत गेलाय. उद्गारचिन्ह काढतो ना आपण, तसा. ओढून तुटलेला केस असा नसतो. ते लहानमोठे असतात, कुणाचं टोक फाटलेलं, कुणाला पीळ पडलेला, मध्येच रक्ताचे बारीक ठिपके. इथं तसा एकही नाही. आणि हे पिवळे ठिपके दिसतात? ही केसांची रिकामी घरं. केस मुळापासून खंगून गळालेत."

"म्हणजे?"

"म्हणजे चाई. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उठतं. का उठतं ते पुरतं कळलेलं नाही. पण या मुलीनं काहीही केलेलं नाही."

राइसानं पडद्याकडे बघितलं. तिला ते स्वच्छ दिसलं. बत्तीस वर्षांचा डोळा होता, एकदा दाखवल्यावर न दिसायला तो काही आंधळा नव्हता. वर जाड, खाली बारीक. एक, दोन, पाच, सात. प्रत्येक खुंट तेच सांगत होता. डोकं खोटं बोलत नाही म्हणणारी ती, आणि वर्षभर तेच डोकं तिनं उलटं वाचलं होतं. ते हातमोजे, ती फीत, खोटारडी खोटारडी म्हणून केलेला आरडाओरडा. आणि तो जरीचा पट्टा. त्याखाली पोरीनं न केलेलं पाप कबूल केलं होतं, आणि राइसानं त्याबद्दल तिला जवळ घेतलं होतं. 

"बरी होते का ही?" तिनं विचारलं. 

"पुष्कळ मुलांचे केस परत येतात. काहींचे येतात आणि पुन्हा जातात. मलम देते. पण मला शब्द देता येणार नाही." मग डॉक्टर लिदाकडे वळल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, "ऐकलंस ना, बाळ? तू काही केलेलं नाहीस."

लिदा पडद्याकडे बघत होती. ती म्हणाली, "मी उपटते."

"नाही गं."

"उपटते मी. मावशीला विचारा. बात्युश्कांनाही सांगितलंय मी." तिचा आवाज चढायला लागला. "तुम्ही नीट बघा. दुसरीकडे बघा. मानेवर बघा, तिथं मी परवाच उपटलेत!"

डॉक्टरांनी राइसाकडे बघितलं. राइसा खाली बघत होती. डॉक्टरांनी भिंग मानेवर टेकवलं, मग भुवईवर. पडद्यावर तीच फिकी कातडी, तेच निमुळते खुंट आले.

"इथंही नाहीत उपटलेले, लिदा. एकही नाही. ही चांगली गोष्ट आहे, रडायचं कशाला?"

पण पोरगी रडायला लागली होती, अंगातून हुंदके देत. "मग मी थांबवू कशी?" ती म्हणाली. "मी उपटत नसले तर मी थांबवू कशी?"

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी कागदी रुमाल दिला आणि मलमाची चिठ्ठी लिहिली. राइसाला मात्र सगळं कळलं. पापाचं ओझं नव्हतं ते पोरीला. तिच्या हातात तेवढी एकच दोरी होती, आणि ती आईपर्यंत जात होती.

दवाखान्याच्या आवारात जांभळ्या फुलांनी भरलेल्या लायलॅकच्या झाडाखाली एक बाक होता. राइसानं तिला तिथं बसवलं. माफी कशी मागायची ते तिला येत नव्हतं, उभ्या आयुष्यात तिनं कधी मागितलीच नव्हती. ती म्हणाली, "लिदा, मी चुकले. तू खरं बोलत होतीस. पहिल्या दिवसापासून."

लिदानं नाक पुसलं.

"आणि ती अट माझी होती. डोकं भरलं की ने, असं मी सांगितलं तुझ्या आईला. तिच्या मनात नव्हतं. ती तर लगेच नेणार होती."

"का सांगितलंस?"

राइसा हे कुणापाशी बोलली नव्हती. "तू जाऊ नयेस म्हणून," ती म्हणाली.

लिदा रागावली नाही. रागावली असती तर राइसाला सोसलं असतं. ती म्हणाली, "मग आता आईला सांग की अट नाही."

राइसानं तिथूनच फोन लावला. पडद्यावर ल्युदा दिसली, कुठल्याशा मोठ्या स्वयंपाकघरात, हाताला साबणाचा फेस. राइसानं एका दमात सांगितलं, काही वगळलं नाही, स्वतःला तर नाहीच. भिंग, खुंट, चाई. पोरीनं एकही केस उपटलेला नाही. मी आंधळी, मी मूर्ख. तिला जूनमध्ये ने, डोकं कसंही असो.

ल्युदानं फेसाचा हात तोंडावर दाबला. "म्हणजे माझ्यामुळे नाही?" ती म्हणाली. "राइसा, खरंच? माझ्यामुळे उपटत नव्हती ती?" आणि ती रडायला लागली. ते सुटकेचं रडणं होतं, कुणालाही ओळखू आलं असतं. वर्षभर तीही आपल्या जागी जळत होती.

"नाही, तुझ्यामुळे नाही. नेतेस ना?"

ल्युदानं डोळे पुसले. तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "आता आजारपणच आहे म्हटल्यावर... औषध तिथं सुरू होतंय, राइसा. तिथली डॉक्टर, तिची भाषा पोरीला कळते. इथं मी कुठं घेऊन फिरू तिला? मादामची तब्येत बरी नाही, माडीवर आता नर्स राहते. यंदाचं राहू दे. केस येऊ देत आधी. आले की लगेच नेते, देवाशपथ."

"ल्युदा, ते येतील की नाही हे डॉक्टरलासुद्धा—"

लिदानं फोन तिच्या हातातून काढून घेतला. रुमाल कपाळावर नीट ओढला आणि पडद्याकडे बघून हसली.

"आई, ऐक," ती म्हणाली. "त्या डॉक्टरांना नीट दिसलं नाही. मीच उपटत होते. आता एकसुद्धा उपटणार नाही, बघच तू."

राइसाच्या तोंडापर्यंत आलं की ओरडून सांगावं, अगं ती उपटतच नाही. लिदानं तिच्याकडे वळून बघितलं. त्या नजरेत धाक नव्हता, नुसती विनवणी होती. वर्षभर पोरीचं खरं ऐकून जिनं तिला खोटारडी म्हटलं, ती राइसा हे खोटं ऐकून गप्प बसली.

"शहाणं माझं बाळ ते," पलीकडून ल्युदा म्हणाली.